नजीकचं ठळक ठिकाण

पोचली आहे, असं गोपीनाथराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी मान वर केली नाही. इनास कोपरीहून उन्हातनं चालत आला होता तो भलतीच गोष्ट विचारायला. दरसाल मिरगाच्या आधी कचेरीच्या भिंतींना सफेदी होई आणि दरसाल तिचा चुना इनासच्या भट्टीतला असे. त्याच्या बापाच्या वेळेपासून असे. यंदा चुन्याची कळी कुठे उतरवायची, मागल्या पडवीत की पुढल्या, एवढंच त्याला हवं होतं. गोपीनाथरावांनी, म्हणजे हद्दकमिटीच्या शिरस्तेदारांनी, पुढल्या पडवीत असं सांगितलं, शनिवारी आण म्हणाले, आणि त्याच दमात, टाक दौतीत बुडवता बुडवता, सांगितलं की ही शेवटचीच. तुझी भट्टी बंद झाली आहे, आठ दिवसांत मोडायची. इनासला आधी वाटलं की ते दुसऱ्या कुणाशी बोलताहेत. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती, त्याच्याच चुन्याची. मग त्यानं विचारलं, कुणी बंद केली, आणि कधी. तेव्हा गोपीनाथराव म्हणाले, "नोटीस पोचली आहे तुला. पंचवीस एप्रिलला. तीस दिवसांत हरकत घ्यायची होती, घेतली नाहीस. आज अठ्ठावीस मे."

चुन्याच्या कळीवर पाणी टाकलं की पहिली काही पळं तिला काहीच होत नाही. दगडासारखी पडून असते. बघणाऱ्याला वाटतं, निवलेली आहे. मग आतून एक तडा जातो, बारीक वाफ येते, आणि त्यानंतर जो हात घालील त्याचं कातडं त्याचं राहत नाही. इनास उभा होता तिथेच उभा राहिला, दोन्ही हात पोटावर एकमेकांत धरून, कारण कचेरीत हात कुठे ठेवायचे हे त्याला चाळीस वर्षांच्या आयुष्यात कळलेलं नव्हतं, आणि कानांच्या पाळ्यांपासून काहीतरी चढत चाललं. पोचली म्हणजे कुठे पोचली? होडी पोचते ती धक्क्याला पोचते. पाहुणा पोचतो तो कुणाच्या तरी घरात पोचतो. त्यानं हात सोडून तळवे पाहिले. तळव्यांना चुन्यानं पडलेल्या चिरा होत्या. त्या जुन्याच होत्या. पोचलेल्या वस्तूची काही खूण त्यांवर नव्हती.

हद्दकमिटी नेमली गेली त्याला दोन वर्षं झाली होती. शहराची तब्येत सुधारावी म्हणून वरच्या कुणा साहेबानं ती नेमली, आणि शहराची तब्येत कोण बिघडवतं हे शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. गोपीनाथरावांच्या डोक्यावर नकाशा लटकत होता. त्यावर तांबड्या पेन्सिलीची एक रेघ होती. खाडीच्या काठाकाठानं ती शहाण्यासारखी येई आणि कोपरीच्या विहिरीपाशी एकदम पोट काढून बाहेर जाई. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. रेघेच्या आत वासाच्या, धुराच्या आणि आवाजाच्या धंद्यांना मनाई. सुकी मासळी वासात गेली, तांबट आवाजात गेले, इनास धुरात गेला. आगगाडीचा धूर रोज कोपरीवरून जाई आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके ठेवून जाई, पण तो रेघेत बसत नव्हता, कारण तो एका जागी उभा राहत नाही आणि त्याला नोटीस बजावता येत नाही. इनासचा धूर बापाच्या वेळेपासून एका जागी उभा होता. चूक काढायची तर एवढीच निघाली असती. भट्टीवाल्यांना कमिटीनं नवी जागा काढून दिली होती, तीही नकाशावर होती, डोंबिवलीकडल्या खाजणात एक निळं वर्तुळ. त्या वर्तुळात भरतीला होडी लागत नाही, ओहोटीला माणूस रुततो आणि गोडं पाणी कोसभर नाही; आणि गोड्या पाण्यावाचून कळी फुटत नाही, हे चुना खाणाऱ्यालाही ठाऊक असतं. निळी पेन्सिल मात्र चांगली होती. विलायती असावी.

मग गोपीनाथरावांनी कलमं वाचून दाखवली. त्यांना ती पाठ होती, पण वाचून दाखवण्यात एक न्याय असतो, आणि गोपीनाथराव अन्याय करणाऱ्यांतले नव्हते. नोटीस प्रथम त्या इसमाच्या हातात द्यावी. इसम न भेटल्यास कुटुंबातल्या सज्ञान पुरुषाच्या हातात द्यावी. तसा पुरुष नसल्यास जागेच्या दारावर डकवावी. जागेस दार नसल्यास नजीकच्या ठळक ठिकाणी डकवावी, दोन पंचांसमक्ष. महिपत शिपाई या चारी पायऱ्या एकेक करून उतरला होता आणि दर पायरीवर त्यानं शेरा लिहिला होता. इसम शिंपल्या आणण्यास होडीनं खाडीत गेला, गैरहजर. सज्ञान पुरुष नाही. बाई हजर. दार: घरास दार आहे, परंतु नोटीस घराची नसून भट्टीची आहे, भट्टीस दार नाही, तोंड आहे, तोंडात विस्तव. सबब बारा पावलांवर किरिस्तावांचा क्रूस आहे, आळीतलं सर्वांत ठळक ठिकाण, त्यावर डकविली. पंच दोन: एक मिठागरावर जाणारा, दुसरा त्याच्या मागून चाललेला.

इनास म्हणाला की आपण त्या क्रूसावरून दिवसातनं चार वेळा जातो आणि आपल्याला काही दिसलं नाही. गोपीनाथराव म्हणाले की दिसण्याचं कलम नाही. इनास म्हणाला, बाई हजर होती म्हणता, ती माझी बायको, भट्टी भरते ती, विझवते ती, मग तिच्या हातात का दिली नाही. गोपीनाथरावांनी दुसऱ्या कलमातल्या पुरुष या शब्दावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथंच ठेवलं. जणू इनासनं खात्री करून घ्यावी की बोट उचलल्यावर शब्द बदललेला नाही. तेव्हा इनास बोलला, आणि इतक्या मोठ्यानं बोलला की पलीकडल्या खोलीतल्या कारकुनांचे टाक थांबले.

"खोटं हाय. महिपतनं लावलीच नाय. सावलीत बसून लिवलंय त्यानं हे."

गोपीनाथरावांनी आता मान वर केली. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, उलट थोडा ताजा झाला होता, कारण अशा बोलण्यालाही कलम होतं. बजावणीचा शेरा खोटा आहे अशी तक्रार आल्यास जागेची पाहणी करावी. ते म्हणाले की गुरुवारी दहा वाजता आपण स्वतः पंच घेऊन क्रूसापाशी येऊ. कमिटीची खळ गव्हाची, मोरचूद घातलेली; ती वर्षभर सुटत नाही, कागद फाटला तरी कोपरे राहतात. कागद किंवा कोपरा आढळला, तर बजावणी झाली. न आढळला तर झाली नाही. नवी नोटीस, नवे तीस दिवस, हरकत घे, वकील दे, काय ते कर. "आणि न आढळला," ते पुढे म्हणाले, "तर महिपतचा पट्टा काढून घेतला जाईल. खोटा शेरा लिहिणारा शिपाई कमिटी ठेवत नाही."

"काढा," इनास म्हणाला.

रस्त्यानं जाताना तो हाच शब्द पायांखाली चिरडत चालला. काढा. काढाच. रुळांपलीकडे ऊन खाडीवर पडून परत डोळ्यांत येत होतं. महिपतला तो ओळखत होता. कोपरीच्या अलीकडचाच, लंगडत चालणारा, पट्टा पोटावर सैल. तो कुणाच्याही पडवीत बसे, पाणी मागे, गूळ दिला तर गूळ खाई, आणि उठताना कागद काढी. त्या माणसानं झाडाखाली बसून चार ओळी लिहिल्या आणि चार ओळींत मार्सेलची भट्टी मोडली. मार्सेल म्हणजे इनासचा बाप. त्यानं ती भट्टी स्वतःच्या हातानं रचली होती, आणि रचताना दर थराला तो आत उतरून उभा राही, आतून तोंडाकडे बघे. म्हणे, आतून कसं दिसतं ते एकदा तरी बघून ठेवावं, नंतर तिथं कुणी उभं राहू शकत नाही. लहान इनासला त्यानं एकदा आत उभं केलं होतं. वर आभाळाचा वाटोळा तुकडा, अंगाला ओल्या मातीचा गारवा. पुढे त्याच पोटात शिंपल्या लाल होऊन पांढऱ्या पडल्या, हजारो टोपल्या, आणि त्यांच्या चुन्यानं ठाण्यातली किती घरं उभी राहिली त्याची गणती नव्हती. किरिस्तावांचं देऊळ त्या चुन्यानं पांढरं. कचेरीही त्याच चुन्यानं. आठ दिवसांत मोडायची. मोडणारानं आत उतरून बघितलं पाहिजे आधी. गोपीनाथरावांना उतरवलं पाहिजे, छत्रीसकट. राग असा येत होता की त्याला कुणाचा तरी चेहरा लागत होता, आणि गोपीनाथरावांचा चेहरा त्या कामाला येत नव्हता. त्यांनी फक्त वाचलं होतं. वरच्या साहेबाचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. उरला महिपत. महिपतचा चेहरा हाताशी होता, घामट, देवीच्या वणांचा. इनास तो चेहरा घेऊन चालला.

क्रूस आळीच्या तोंडाशी, विहिरीच्या अंगाला होता. पुरुषभर उंचीचा, चौकोनी बैठकीवर, पांढरा. इतका पांढरा की त्याच्याकडे नीट बघवत नव्हतं. इनास समोर उभा राहिला आणि त्यानं बैठकीच्या चारी बाजू पाहिल्या, आडव्या हातांखाली वाकून पाहिलं, मागं जाऊन पाहिलं. कागद नव्हता. कोपरा नव्हता. त्याच्या छातीतून एक हुंकार निघाला, समाधानाचा म्हणावा असा. बघा म्हणावं. या आणि बघा. पांढरं स्वच्छ, पोरीच्या लग्नाच्या साडीसारखं. आणि अजून असं ताजं का, तर सणाला आपणच—

इथं काहीतरी थांबलं. विचार थांबला असं नाही. हात थांबला. त्याचा उजवा हात, जो बाजूला लोंबत होता, तो थांबला.

क्रूसाला चुना लावायचा मान मार्सेलच्या घराचा होता. क्रूसाचा सण तीन मेला, चुना एक मेला उजाडता. मानाबरोबर शिस्त होती. पोटात अन्न नाही. तोंडानं प्रार्थना. आणि नजर खाली, पायांकडे. लावणाऱ्यानं क्रूसाकडे बघायचं नाही. सणाच्या सकाळी सगळी आळी बघेल तेव्हा त्यानंही बघायचं, एरवी कुंचा आणि हात. मार्सेल म्हणे, बघत बघत लावतो तो आपलं काम बघतो, देवाला बघत नाय. आळीतल्या बाकीच्यांना ही शिस्त ठाऊक होती आणि त्या वेळी कुणी विहिरीवर येत नसे. न बघता सगळं भरून निघे. हाताला क्रूसाचं अंग पाठ होतं, जसं गोपीनाथरावांना कलम. बापानंतर एकोणीस वर्षं इनासनं तसंच केलं होतं. आणि यंदाच्या एक मेला, बैठकीच्या पुढल्या अंगावर, छातीच्या उंचीला, कुंचा अडखळला होता. एक कड. कडक, किंचित सुटलेली. आता, भर दुपारी, ती कड त्याच्या तळव्यात परत आली, ओल्या चुन्याच्या जळजळीसकट. गेल्या सालच्या थराला पोपडा आला असेल असं तेव्हा वाटलं होतं. पोपडा खरवडायचा तर बघावं लागतं. बघायचं नव्हतं. तेव्हा त्यानं तळव्यानं ती जागा दाबली, चांगली चापून बसवली, वरून दोन हात जास्त दिले, आणि तोंडानं ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणत पुढे गेला.

त्यानं तळवा तिथं ठेवला. ठेवायची गरज नव्हती. बोटांखाली एक सरळ रेघ लागली, मग तिला काटकोनात दुसरी. चुना असा काटकोनात फुगत नाही. कमिटीचा कागद तिथं होता, अंगभर पांघरूण घेऊन झोपलेला, आणि पांघरूण इनासनं घातलं होतं, इनासच्या भट्टीतल्या चुन्याचं, उपाशीपोटी. महिपतनं लावला होता. बारा पावलं, ठळक ठिकाण, दोन पंच, सगळं खरं. चुना लागेपर्यंतचे पाच-सहा दिवस तो उघडा होता, आणि इनास डोक्यावर टोपल्या घेऊन खाली बघत त्याच्यावरून गेला होता. इनास इतका रागावला की त्याला हसू येईल की काय अशी भीती वाटली. रागाला धरायला जो एक चेहरा होता तोही गेला; आता राग होता आणि त्याच्या समोर पांढरं.

त्याची बायको सुझाना भट्टीच्या तोंडाशी राख ओढत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, कचेरी, कलमं, गुरुवार, पण कागद कुठं आहे ते सांगितलं नाही. आणि सांगता सांगता राग तिच्यावर वळवला, कारण ती जवळ होती. शिपाई आलेला तेव्हा तू इथं होतीस. तोंड शिवलेलं का तुझं. सुझानानं फावडं टाकलं नाही. राख ओढता ओढताच ती बोलली.

"मी बोललेली. त्याच दिवशी बोललेली, शिपाय आलेला, पानी पिऊन गेला. तुमी होडीतनं टोपल्या उतरवत होतात. तुमी बोललात, बरं."

"कागद होता ते नाय बोललीस."

"मी हात पुढं केलेला कागदाला. तो बोलला, बायांचं नाय हे. मग बायांचं नाय ते मी कशाला सांगत बसू?" तिनं आणखी एक फावडं राख ओढली. "तो क्रूसाकडं गेलेला खळीचं मडकं घेऊन. मना वाटलं, देवळाचं काय तरी असंल."

तेव्हा त्याला दिसलं की तीही रागावलेली आहे, आणि आज नव्हे, महिनाभर. पंचवीस एप्रिलपासून ती रागावलेली होती आणि भाकऱ्या थापत होती, आणि त्याला ते पोचलं नव्हतं. मग त्यानं कागद कुठं आहे ते सांगितलं. ती क्रूसापाशी गेली नाही, लांबूनच तिनं मान वळवून बघितलं. उरलेली राख ओढून संपवली. नंतर म्हणाली, "मग आता शिपायाचा पट्टा जानार ना?"

मंगळवार आणि बुधवार इनासनं भट्टी लावली. आतल्या शिंपल्या संपवायला हव्या होत्या, कचेरीची कळी त्यांतच होती, आणि काही न करता बसलं की तळवा आठवायला लागे. जाता येता तो क्रूसावरून जाई. अंगठ्याच्या नखाचं काम होतं. दुपारच्या वेळी आळीत कुत्रंसुद्धा नसतं; नख घालावं, कागद ओढावा, भट्टीच्या तोंडात टाकावा, वर एक हात चुना. नवे तीस दिवस. तीस दिवसांत हरकत लिहिता येते; वकील सांगू शकतो की रेघ विहिरीपाशी पोट काढून का गेली ते दाखवा; कुणाला दाखवता येणार नाही. भट्टी वाचू शकत होती, खरोखर वाचू शकत होती. आणि मग लक्षात आलं की नख घालायचीही गरज नाही. गुरुवारी ते येतील, बघतील, पांढरं दिसेल. इनासनं फक्त उभं राहायचं आणि नजर खाली ठेवायची. त्यात तो एकोणीस वर्षं तयार झालेला होता. दिसण्याचं कलम नाही म्हणतात ना. तर ही घ्या तुमच्या कलमाची उलटी बाजू. कमिटीनं आपल्याला न दाखवता मोडलं, आपण कमिटीला न दाखवता वाचावं, यात पाप कुठं आहे? पाप शोधायला गेलं की ते लंगडत यायचं, पट्टा सैल, आणि पाणी मागायचं.

गुरुवारी गोपीनाथराव आले, छत्री, दप्तर, तेच दोन पंच. महिपत पुढे आला तो रुबाबात आला. क्रूसापाशी पोचला, बैठकीच्या पुढल्या अंगावर बोट ठेवायला हात उचलला आणि हात तसाच राहिला. त्यानं दुसरी बाजू पाहिली. मग तिसरी. पुन्हा पहिली. त्यानं तो क्रूस पाहिला होता तेव्हा तो पावसाळ्यानं काळवंडलेला होता, शेवाळ्याच्या रेघा होत्या. आता समोर उभा होता तो भलताच कुणी होता. चुना मारला वाटतं, असं तो पुटपुटला. मग गोपीनाथरावांना म्हणाला, साहेब, खाली असणार, जरा खरवडून बघू. गोपीनाथरावांनी दप्तर उघडलं. धर्माच्या वस्तूस हत्यार लावू नये असा वरचा हुकूम होता, गेल्या सालच्या कुठल्याशा दंग्यानंतरचा. खळ लावू नये असा नव्हता. म्हणजे कमिटीला क्रूसावर कागद डकवता येत होता, खरवडता येत नव्हता. आणि गोपीनाथरावांनी हे अशा सुरात सांगितलं की जणू त्यांनाही ते आताच कळत आहे आणि वाईट वाटत आहे, पण पाहणी म्हणजे डोळ्यांनी पाहणं. त्यांनी टाक काढला. पाहणीत कागद आढळला नाही, एवढंच लिहायचं होतं. पंचांपैकी एकानं, जो मागून चालला होता त्यानं, जांभई दिली.

महिपत इनासकडे वळला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता, आणि रुबाब कुठल्या कुठे गेला होता.

"मी लावलेला, इनासभाऊ," तो म्हणाला. "माझ्या हातानं लावलेला."

बाकी काही नाही. शपथ घेतली नाही, गयावया केली नाही. इनास खाली बघत होता, शिस्तीप्रमाणे पायांकडे. त्याला महिपतचे पाय दिसत होते, एक जरा आत वळलेला. तो माणूस म्हणतो की माझ्या हातानं लावला, आणि त्याच्या हातावर विश्वास ठेवायला जगात कुणी नाही, आणि एका माणसाला ठाऊक आहे की हात खरं बोलतो, कारण त्याचाही हात त्याच जागेवरून गेला आहे. इनासला वाटलं, ओरडावं. गोपीनाथरावांच्या दप्तरातले सगळे कागद घेऊन भट्टीच्या तोंडात घालावेत, तोंडात विस्तव असा शेरा आहेच. हा पट्टेवाला का म्हणून मध्ये आला. याला कुणी पाणी दिलं. भट्टी माझी जाते, माझ्या बापाची, आणि ती वाचवायला फक्त गप्प बसायचं आहे, आणि तेवढंही या लोकांनी मला धड करू दिलं नाही. त्यानं महिपतचं मनगट धरलं. इतकं आवळून धरलं की पंच पुढे सरकले. त्यांना वाटलं, मारतो. त्यानं तो हात ओढला आणि बैठकीच्या पुढल्या अंगावर दाबला, छातीच्या उंचीला. महिपतची बोटं चाचपली, एक कड, मग काटकोन. महिपतनं डोळे मिटले.

"हितं हाय," इनास म्हणाला, आणि गोपीनाथरावांकडे बघून म्हणाला, "मीच पुरलाय. लिवा."

मग त्यानंच नख घातलं. धर्माच्या वस्तूला हत्यार लावायचं नव्हतं; नखाबद्दल हुकूम नव्हता. चुना पापुद्र्यानं सुटला आणि त्याच्या मागून कागद आला, कोरा करकरीत, चुन्यानं एका किड्यालाही शिवू न दिलेला. छापील फॉर्म, मधल्या जागा शाईनं भरलेल्या, इनास वल्द मार्सेल, भट्टी नग एक. इनासनं त्याच्याकडे बघितलं. वाचायला तो देवळाच्या शाळेत शिकला होता. अक्षर चांगलं होतं. क्रूसावर मागं एक चौकोन राहिला, करडा, खालच्या जुन्या थराचा. गोपीनाथरावांनी लिहिलं: नोटीस नजीकच्या ठळक ठिकाणी आढळली, सबब बजावणी योग्य. त्याखाली त्यांनी इनासची सही घेतली, शोधून देणारा म्हणून. मग ते जरा उमलले. इसम आज समक्ष हजर आहे, ते म्हणाले, तेव्हा भट्टी मोडण्याचा अखेरचा हुकूम हातातच देता येईल, पहिल्या कलमानं. असं फार क्वचित जमतं. हुकूम त्यांच्या दप्तरात तयार होता. इनासनं तो घेतला. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं. छत्री उघडता उघडता त्यांनी आठवण केली: कळी शनिवारी.

शुक्रवारी भट्टी निवली. इनास तिच्या तोंडाशी बसून होता. तोंडात विस्तव नव्हता, आता कुणीही दार शोधत आलं असतं तरी चाललं असतं. सुझानानं हुकूम मागितला. तिला वाचता येत नव्हतं. त्यानं तो तिला पहिल्यापासून वाचून दाखवला, कलमांसकट, आणि तिनं तो सगळा ऐकला, एका जागी उभी राहून. ऐकून झाल्यावर तिनं कागद घेतला, घडी केली आणि लुगड्याच्या ओच्यात खोवला. "माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली.

शनिवारी उजाडता त्यानं कचेरीची कळी विरवली. सगळी, एकही खडा मागं न ठेवता, हौदात, विहिरीच्या गोड्या पाण्यात. कळी तडकली, उसळली, तिची वाफ आळीभर झाली, आणि विहिरीवर घागरी घेऊन आलेल्या बाया थांबल्या. एक मे नव्हता, सण नव्हता. इनास भाकरी खाऊन आला होता. त्यानं कुंचा बुडवला आणि मान वर केली. चुना लावताना पहिल्यांदाच. क्रूसाचं अंग, जे हाताला पाठ होतं, ते डोळ्यांना परकं निघालं. डावा हात उजव्याहून जरा खाली होता, बापानं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं बघत बघत चुना लावला. आपलं काम बघितलं. तोंडानं काही म्हटलं नाही, आणि जे म्हटलं असतं ते देवासमोर म्हणण्यासारखं नव्हतं. एक हात झाला, सुकला, दुसरा दिला, तिसरा दिला. क्रूस उन्हात असा पेटला की आगगाडीतनं जाणाऱ्यालाही दिसावा. फक्त तो चौकोन त्यानं सोडला. कुंचा त्याच्या कडेकडेनं फिरवला, कड नीट सरळ धरली, कोपरे रेखले, आणि आतलं करडं तसंच ठेवलं.

दहाच्या सुमारास महिपत आला. लंगडत, पट्टा पोटावर. पुढली पडवी रिकामी आहे, तो म्हणाला, गोपीनाथरावांनी विचारलंय, कचेरीचा चुना कुठं आहे.

"पोचलाय," इनास म्हणाला.

महिपतनं क्रूसाकडे पाहिलं. रिकाम्या हौदाकडे पाहिलं. मग पुन्हा क्रूसाकडे, त्या चौकोनाकडे, आणि तिथून त्याची नजर लवकर हलेना.

"शेरा लिव," इनास म्हणाला, आणि तो घाईघाईनं बोलला नाही, लिहिणाऱ्याला झेपेल अशा बेतानं बोलला. "इसम हजर, पन मान वर करीत नाय. कचेरीस दार हाय, दारात तूच उभा. सबब नजीकच्या ठळक ठिकाणी लावला."

महिपत हसला नाही. त्यानं खांद्यावरची पिशवी पुढे ओढली, आतून वही काढली, शाईची कुपी काढली आणि विहिरीच्या काठावर बसून सगळं सांगितल्याबरहुकूम लिहिलं, पान न डागाळता. लिहून झाल्यावर त्यानं वर पाहिलं.

"दोन पंच लागतात, भाऊ."

"एक तू."

"आणि दुसरा?"

सुझाना त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला, लुगड्याला हात कोरडे पुसले आणि अंगठा शाईवर टेकवायला पुढे झाली. महिपतनं वही तिच्यासमोर धरली.